कोस नको, मजल मोजा

महाड तालुक्यातल्या शिवथरघळीपासून पुण्याच्या लोहगाव विमानतळापर्यंतचे सरळ रेषेतले अंतर अक्षांश-रेखांशांवरून काढले तर ५७ किलोमीटरच्या आसपास भरते. त्याच घळीपासून नवी मुंबईचा विमानतळ याच हिशेबाने सुमारे १०९ किलोमीटरवर येतो. नकाशावर पट्टी ठेवणाऱ्याच्या दृष्टीने पुणे जवळपास निम्म्यावर आहे, तेव्हा शिवथरच्या माणसाने विमानासाठी पुण्यालाच जावे, यात शंका उरत नाही. शंका रस्त्याला लागल्यावर सुरू होते. वरंधा घाट उघडा असेल तर भोरमार्गे पुणे शंभर-एकशेदहा किलोमीटर पडते. घाट बंद असेल, आणि पावसाळ्यात तो अनेकदा असतो, तर आधी महाडला उतरून माणगाव गाठायचे आणि ताम्हिणी चढायची, म्हणजे प्रवास पावणेदोनशेच्या घरात गेला. किंवा पोलादपूरहून आंबेनळी चढून महाबळेश्वर, पाचगणी, वाई करत जायचे, म्हणजे दोनशेच्या वर. नवी मुंबई मात्र महामार्गाने एकशेसाठ-पासष्टवर तिथेच असते. एकच गाव, तेच दोन विमानतळ. मे महिन्यात पुणे जवळ आणि जुलैत नवी मुंबई जवळ. हवाई अंतराच्या आकड्यात यातले काहीच दिसत नाही. तरीही विमानतळ कुठे हवा, कोणत्या मार्गाला अनुदान द्यायचे, कोणता तालुका ‘जोडला गेला’ असे म्हणायचे, हे ठरवताना किलोमीटरचा आकडाच पुढे केला जातो. सह्याद्रीच्या पायथ्याशी हे माप उपयोगाचे नाही. इथे अंतर तासांत मोजले पाहिजे, आणि तेही वर्षातल्या सर्वांत वाईट महिन्यातल्या तासांत.

हा विचार काही बाहेरून आणलेला नाही. मराठीत प्रवासाची दोन मापे पूर्वापार आहेत. कोस हे जमिनीचे माप. मजल हे माणसाचे: एका दिवसात जेवढे चालून होईल तेवढी एक मजल. सपाटीवरची मजल लांब, घाटातली आखूड, पावसातली त्याहून आखूड. ‘मजल दरमजल करत’ फौजा गेल्याचे बखरींत वाचताना आपण त्याला नुसता वाक्प्रचार समजतो. प्रत्यक्षात तो वेळापत्रकाचा हिशेब होता. जावळीच्या खोऱ्यात कोणी फौज घेऊन उतरणार असेल, तर त्याला नकाशावरचे कोस माहीत असून भागत नव्हते. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांकडून जावळी घेतली आणि तीन वर्षांनी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाला याच मुलखात उतरायला लावले, त्यामागे कोस आणि मजल यांतली तफावत ओळखणारी बुद्धी होती. पुढे मैलाचे दगड आले, मग किलोमीटरचे, आणि मजल म्हणताच आता इमारतीचा मजला आठवतो. शब्द हरवला त्याचे फारसे दुःख नाही. त्यासोबत हिशेबाची एक रीत हरवली, ते मात्र महाग पडते आहे.

शिवथरचे खोरे या तफावतीचा उत्तम नमुना आहे. कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर ही गावे तिन्ही बाजूंनी डोंगराने वेढलेल्या खोलगट जागेत वसली आहेत. समर्थ रामदासांनी दासबोध जिथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी उतरून घेतला असे मानतात, ती घळ इथलीच. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी तिची ओळख पटवली ती १९३० साली. एवढ्या मोठ्या संप्रदायाचे एवढे महत्त्वाचे स्थान इतकी वर्षे लोकांच्या नजरेआड राहू शकले, यावरूनच हे खोरे किती आडवळणाला आहे ते कळते. खोऱ्याच्या डोक्यावरच देशाची कड आहे. वेल्हे गाव घळीपासून सरळ रेषेत पंधरा-सोळा किलोमीटरवर. पायी जाणाऱ्यांसाठी गोप्या घाट, उपांड्या घाट, मढे घाट अशा वाटा होत्या आणि आहेत. मढे घाटाचे नाव तर तानाजी मालुसऱ्यांचे पार्थिव सिंहगडाहून पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला याच वाटेने नेल्याच्या आख्यायिकेशी जोडलेले आहे. पूर्वी भल्या पहाटे निघालेला चालणारा गडी दुपारच्या आत कोकणातून देशावर पोचत असे. आज गाडीने वेल्ह्याला जायचे तर वरंधा घाट चढून भोर, तिथून महामार्गावर येऊन नसरापूर, आणि मग पुन्हा आत वळायचे. हा वळसा शंभर किलोमीटरच्या आसपास जातो. चाके आली आणि शेजारी दुरावला, असे विधान ऐकायला विचित्र वाटेल, पण या खोऱ्यापुरते ते अक्षरशः खरे आहे.

महाडचेही असेच. आज आपण त्याला मुंबई-गोवा महामार्गावरचा एक थांबा समजतो, पण हे जुने बंदर. सावित्रीच्या खाडीतून मुंबईच्या बोटी दासगावपर्यंत येत आणि तिथून माणसे पोलादपूरकडून महाबळेश्वरचा डोंगर चढत. त्या काळी मुंबई ते महाड हे अंतर भरती-ओहोटीत मोजले जाई. मग रस्ता आला, बोट गेली. रेल्वे आली ती महाडला बगल देऊन. कोकण रेल्वेचा रोहा-वीर टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला आणि वीर हे महाडचे स्टेशन ठरले, तेही गावापासून बरेच बाहेर. पोलादपूरला तर स्टेशनच नाही. प्रत्येक नव्या वाहनाने या दोन तालुक्यांचे अंतर कोणत्या तरी एका दिशेने कमी केले आणि दुसऱ्या दिशेने जसेच्या तसे सोडले. देशाकडची, म्हणजे पूर्वेची दिशा कायम सुटलेली राहिली.

याचे कारण भूगोलात आहे आणि ते आकड्यांत मांडता येते. पुणे विमानतळ आणि सोलापूर विमानतळ यांच्यातले हवाई अंतर सुमारे २३७ किलोमीटर आहे, आणि पुण्याहून सोलापूरचा रस्ता अडीचशेच्या आसपास. सपाट देशावर रस्ता हवाई रेषेला जवळपास चिकटून धावतो. शंभराला सहा-सात एवढाच वळसा. आता पोलादपूर आणि महाबळेश्वर घ्या. सरळ रेषेत सुमारे २१ किलोमीटर, आंबेनळी घाटाने चाळीस. दुप्पट. शिवथर-पुणे घाट उघडा असतानाही दुपटीच्या जवळ आणि बंद असताना तिप्पट. म्हणजे हवाई अंतरावरून प्रवासाचा अंदाज बांधण्याची जी सवय आहे, ती देशावर चालून जाते आणि सह्याद्री ओलांडताच तोंडघशी पाडते. गंमत अशी, की सोलापूर आणि रायगड या दोन्ही जिल्ह्यांचे आराखडे एकाच प्रकारच्या तक्त्यात भरले जातात, आणि तक्त्यातला ‘जवळच्या विमानतळापासूनचे अंतर’ हा रकाना मात्र दोघांना सारखाच प्रामाणिक वाटतो.

हा प्रश्न एका खोऱ्याचा नाही, हे पाहण्यासाठी दक्षिणेकडे जावे लागेल. रत्नागिरी, सिंधुदुर्गातले चिपी आणि कोल्हापूर हे तीन विमानतळ नकाशावर जोडून पाहा. रत्नागिरी ते कोल्हापूर सुमारे १०९ किलोमीटर, चिपी ते कोल्हापूर तेवढेच, रत्नागिरी ते चिपी सुमारे ११४. जवळजवळ समभुज त्रिकोण. शाळेतल्या भूमितीला शोभेल असा. रस्त्याने हा त्रिकोण पार वाकडा होतो: रत्नागिरी-कोल्हापूर आंबा घाटाने एकशेतीस-पस्तीसच्या आसपास, चिपी-कोल्हापूर घाट कोणता धरता त्यावर दीडशे किंवा त्याहून जास्त, आणि रत्नागिरी-चिपी, ज्यात घाटाचा अडथळाच नाही, ते खाड्या टाळत महामार्गाला जाऊन परत किनाऱ्याला येण्यामुळे सर्वांत लांब. आकाशात मात्र हे तिन्ही विमानतळ एकमेकांपासून अर्ध्या तासाच्या आत आहेत. मग त्यांच्यात विमाने का धावत नाहीत? एक कारण तर साधे आहे. लहान एटीआर विमान ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास जाते खरे, पण शंभर किलोमीटरच्या टप्प्यात ते नीट उंची गाठते न गाठते तोच उतरायला लागते. प्रवाशाला घरून विमानतळ, तासभर आधी हजेरी, तपासणी, सामान, पुन्हा विमानतळावरून गाव, असे तीन तास कुठेही जातातच. तीन तासांत आंबा घाटाने गाडी रत्नागिरीहून कोल्हापुरात पोचलेली असते. दोन लहान विमानतळांमधले हवाई अंतर जितके कमी, तितके ते प्रवाशाच्या दृष्टीने निरर्थक.

अंतर वाढले की विमानाची बाजू भक्कम होते, हे मान्य. मुंबई ते चिपी हवाई अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर, रस्त्याने पाचशेच्या आसपास. रात्रभराच्या बसप्रवासाला सव्वा तासाचे विमान हा खरा पर्याय होता. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपीचा विमानतळ सुरू झाला तेव्हा उडान योजनेखाली ही सेवा मिळाली. उडानचे सूत्र असे, की तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपयांच्या आसपास भाड्याची मर्यादा, आणि विमान कंपनीची तूट तीन वर्षे सरकार भरून देणार. तीन वर्षे संपली आणि २०२४ मध्ये मुंबईची ती सेवा बंद पडली. हा एकट्या चिपीचा अपवाद म्हणावा, तर भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा २०२३ चा अहवाल समोर आहे. उडानच्या पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग मंजूर झाले. त्यांतले ४०३ सुरूच होऊ शकले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यांतल्या ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पुरी केली, आणि मार्च २०२३ पर्यंत मुदतीनंतरही टिकून राहिले ते अवघे ५४. शंभरातले सात. एवढी पडझड एखाद्या कंपनीच्या गैरव्यवस्थापनाने होत नाही. मोजण्यातच काही चुकते आहे. मार्ग ठरवताना धावपट्टी ते धावपट्टी पाहिले गेले. दार ते दार पाहिले गेले नाही. कुडाळचा, मालवणचा, कणकवलीचा माणूस घरून निघून मुंबईतल्या घरी किती वाजता पोचतो, परतीचे विमान त्याच दिवशी आहे का, पावसात ते उतरते का, आणि त्याच वेळी कोकण रेल्वे त्याला किती पैशांत नेते, या प्रश्नांची उत्तरे किलोमीटरमध्ये मिळत नाहीत.

किलोमीटरचे वेड धोरणात किती खोल गेले आहे, याचा आणखी एक नमुना. २००८ च्या नव्या विमानतळांविषयीच्या केंद्रीय धोरणात १५० किलोमीटरची मर्यादा आहे: असलेल्या नागरी विमानतळाच्या एवढ्या परिघात नवा प्रस्ताव आला, तर त्याचा जुन्यावरचा परिणाम तपासून सरकार वेगळा निर्णय घेणार. नियमाचा हेतू चांगला आहे. पण कोकणात त्याचा अर्थ काय उरतो? चिपीपासून गोव्याचा मोपा विमानतळ सरळ रेषेत सुमारे ४५ किलोमीटरवर उभा राहिला आणि जानेवारी २०२३ मध्ये तिथून विमाने उडू लागली. मोपाहून गोव्याचाच दाबोळी विमानतळ सुमारे चाळीस किलोमीटर. म्हणजे शंभर किलोमीटरच्या आत तीन विमानतळ, आणि त्याच किनाऱ्यावर रत्नागिरीपासून नवी मुंबईपर्यंतच्या सव्वादोनशे किलोमीटरच्या पट्ट्यात प्रवासी विमान उतरेल अशी एकही जागा नाही. खेड, दापोली, मंडणगड, पोलादपूर, महाड हे सगळे या पोकळीत येतात. याचा अर्थ महाडला विमानतळ द्या, असा मुळीच नाही. अशी मागणी कोणी केली तर तिला विरोधच करावा लागेल. सपाट जागा नाही, पुराचा इतिहास आहे, आणि प्रवासीसंख्येचे गणित तर वरच्या ५४ मार्गांनी मांडून ठेवलेच आहे. मुद्दा एवढाच, की परिघाची वर्तुळे काढून ना गरज कळते ना चैन.

आता मजल खरोखर कशाने घटते, ते पाहू. पोलादपूर आणि खेडच्या मध्ये कशेडी घाट आहे. नागमोडी, अपघातांसाठी कुप्रसिद्ध, पाऊणएक तास खाणारा. त्याच्या पोटातून सुमारे दोन किलोमीटरचे जुळे बोगदे काढले गेले आणि २०२३ च्या गणपतीत त्यांतल्या एकातून गाड्या सुटू लागल्या. घाटाचा पाऊण तास दहा-पंधरा मिनिटांवर आला. पोलादपूर-खेड हवाई अंतर एका इंचानेही बदलले नाही, विमानतळांच्या यादीत भर पडली नाही, पण पोलादपूरच्या दुकानदाराचा, खेडच्या विद्यार्थ्याचा, चाकरमान्याचा दिवस बदलला. याच्या उलट उदाहरणही याच रस्त्यावर आहे. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले. पनवेल ते इंदापूर हा पहिला टप्पा आणि पुढे महाडजवळच्या वडपाल्यापर्यंतचा दुसरा, यांनी एका पिढीची सहनशीलता संपवली. माणगाव आणि इंदापूरच्या बाह्यवळणांवाचून तिथली कोंडी हटत नाही. तेव्हा ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला आणि २५ डिसेंबरपासून सुरू झालेला नवी मुंबईचा विमानतळ रायगड जिल्ह्यातच, पनवेल तालुक्यात आहे, याचा रायगडच्या दक्षिण टोकाला अभिमान वाटावा इतपत ठीक; उपयोगाचा हिशेब निराळा. शिवथरहून तिथे पोचायला चांगल्या दिवशी चार तास धरावे लागतात. तिथून दिल्लीचे विमान सुमारे दोन तासांत उतरते. साडेअकराशे किलोमीटरचे हवाई अंतर आणि एकशेपासष्ट किलोमीटरचा रस्ता यांत लांब काय, हे मजलीत मोजले की लगेच कळते.

यावर एक आक्षेप हमखास येईल, आणि तो वजनदार आहे. डोंगराळ भागात रस्ता तुटतो तेव्हा आकाशच कामाला येते, हेलिकॉप्टरला घाट अडवत नाही, म्हणून संकटकाळासाठी हवाई अंतर हेच खरे अंतर. उत्तराखंडच्या किंवा ईशान्येच्या अनुभवावरून हे पटतेही. पण २२ जुलै २०२१ या दिवशी महाड तालुक्यात काय झाले ते आठवावे. तळियेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडींनी बळी घेतले. महाड शहर पाण्याखाली होते. बचावपथकांना अडवले ते पुराच्या पाण्याने आणि वाटेतल्या दरडींनी, आणि ज्या ढगांनी ही दरड आणली त्याच ढगांनी आकाशही बंद केले होते. सह्याद्रीत रस्ता बंद करणारा पाऊस आणि उड्डाण बंद करणारा पाऊस हा बहुधा एकच असतो. दोन्ही दारे एकदमच लागतात. हिमालयात पाऊस ओसरल्यावर दिवसेंदिवस रस्ते तुटलेले राहतात, तेव्हा हेलिकॉप्टर मोलाचे ठरते. इथे पहिले बारा तास मोलाचे असतात, आणि त्या बारा तासांत मदत पोचते ती आधीपासून खोऱ्यात असलेल्या माणसांकडून, यंत्रांकडून आणि उघड्या राहिलेल्या एखाद्या रस्त्याने. हेलिपॅड असावेत, जरूर असावेत. पण ‘हवाईमार्गे वीस मिनिटे’ असे आपत्ती आराखड्यात लिहून सुटता येत नाही.

दुसरा आक्षेप पर्यावरणाचा, आणि तो अधिक अवघड आहे. घाट बारमाही करा म्हणणे म्हणजे डोंगर कापा म्हणणे, आणि डोंगर कापला की दरडी वाढणार, असे या भागावर प्रेम असणारेही सांगतील. पश्चिम घाटाबद्दल माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये दिलेला इशारा आपण कसा गुंडाळून ठेवला, हे सांगायला नको. म्हणून इथे नेमकेपणाने बोलले पाहिजे. वरंध्याला राष्ट्रीय महामार्गाचा दर्जा आहे; त्याचा अर्थ आपल्याकडे रुंदी असा घेतला जातो. मजलीच्या हिशेबात रुंदीला फारशी किंमत नाही. ताशी तीसने जाणारी गाडी चाळीसने गेली म्हणून शिवथरचे पुणे जवळ येत नाही; घाट जुलैत बंद न राहता उघडा राहिला, तर येते. त्यासाठी लागते ते पाण्याचा निचरा, उताराला आधार, गटारे पावसाआधी मोकळी करणे, धोक्याच्या वळणांवर कठडे, आणि दरड आली तर ती तासाभरात हटवणारे यंत्र घाटातच उभे असणे. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळीत दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली आणि तीस जण मृत्युमुखी पडले. वाचला तो एकटा. त्या घाटाला चौपदरीकरणापेक्षा अशा साध्या, कंटाळवाण्या, फीत कापता न येणाऱ्या कामांची गरज जास्त आहे. जिथे डोंगर उघड्यावर कापण्यापेक्षा बोगदा कमी विध्वंसक ठरेल, तिथे कशेडीचा अनुभव तपासावा. तोही शास्त्रीय पाहणीनंतर, घोषणेनंतर नव्हे. काम वेगाने होऊ शकत नाही, ही सबब तर महाडला सांगू नये. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल एसटीच्या दोन गाड्यांसह वाहून गेला आणि त्याच्या जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. त्या वेगासाठी आधी माणसे मरावी लागली, हा त्यातला न बोललेला भाग.

आणखी एक म्हणणे असे, की विमानतळ हे केवळ आसपासच्या रहिवाशांसाठी नसतात. त्यांनी पर्यटक येतो, हापूस बाहेर जातो, उद्योगाला विश्वास वाटतो. खरे आहे. मात्र महाडच्या औद्योगिक वसाहतीत कारखाने विमानतळ नसतानाच आले, आणि त्यांचा माल आजही ट्रकनेच जातो. रायगडावर येणारा, २० मार्चला चवदार तळ्यावर लोटणारा, घळीत दासबोध वाचायला उतरणारा जनसमुदाय एसटीने, खासगी गाडीने, फार तर वीर स्टेशनवर उतरून येतो. एखाद्याला विमान परवडते म्हणून त्याची मजल मोजायची आणि बाकीच्यांचे कोस, असे दुहेरी माप कसे चालेल? आंब्याच्या पेटीलाही बाग ते धावपट्टी हा प्रवास चुकत नाही.

राहता राहिला तांत्रिक आक्षेप. किलोमीटर ठाम असतो, तास बदलत राहतात. बदलत्या मापावर सरकारी निर्णय कसे घ्यायचे? हा प्रश्न वीस वर्षांपूर्वी योग्य होता. आज प्रत्येक खिशातला फोन कोणत्या रस्त्याने आत्ता किती वेळ लागेल ते सांगतो, आणि एसटी महामंडळाकडे तर प्रत्येक फेरीच्या सुटण्या-पोचण्याच्या वेळा वर्षानुवर्षे नोंदल्या जातात. या नोंदींतून महाड-पुणे, पोलादपूर-सातारा, महाड-अलिबाग यांची महिनावार मजल काढणे एका उन्हाळी सुट्टीतले काम आहे. अलिबाग मुद्दाम लिहिले, कारण जिल्ह्याचे ठिकाण असूनही पोलादपूरच्या माणसाला ते पुण्याइतकेच परके वाटते. जुलैचा आकडा आणि मेचा आकडा शेजारी शेजारी छापले, की कोणता घाट किती तासांचा आहे आणि तो बंद पडल्याने किती गावांचा दिवस खर्ची पडतो, हे आपोआप पुढे येईल.

या मापाची पहिली परीक्षा लांब नाही. पुण्याचा नवा विमानतळ पुरंदर तालुक्यात प्रस्तावित आहे. शिवथरघळीपासून ती जागाही सरळ रेषेत पंचावन्न किलोमीटरच्या आसपासच येते; लोहगावपेक्षा ना फार जवळ ना दूर. रस्त्याने मात्र मोठा फरक पडेल. भोरहून कापूरहोळ आणि कापूरहोळहून सासवड ही वाट पुणे शहराची गर्दी टाळते, आणि शिवथर, बिरवाडी, महाडपासून पुरंदरला पोचणे नवी मुंबईपेक्षा तासाभराने तरी सोपे होईल. ही सगळी वाक्ये वरंधा घाट उघडा आहे, असे धरून लिहिली आहेत. तो बंद असेल त्या दिवशी याच माणसाला ताम्हिणी चढून, पुणे ओलांडून सासवडला यावे लागेल. पुरंदरच्या प्रकल्पासाठी जमीन, मोबदला, धावपट्टी यांवर खूप बोलले जाते आहे, जोडरस्त्यांवरही बोलले जाईल. पण त्या जोडरस्त्यांची यादी घाटमाथ्यावर थांबू नये. भोरच्या पुढचा, वरंध्यातून खाली उतरणारा रस्ता त्या यादीत आला, तर विमानतळाच्या खर्चातला अगदी छोटा हिस्सा दक्षिण रायगडच्या दोन तालुक्यांना पहिल्यांदाच पूर्वेकडे दार उघडून देईल. नाही आला, तर उद्घाटनाच्या दिवशी छापल्या जाणाऱ्या नकाशावर महाडभोवती आणखी एक वर्तुळ काढले जाईल, आणि आंबे शिवथरचा माणूस जुलैच्या पावसात पहाटेचे विमान पकडण्यासाठी आदल्या रात्रीच घरातून निघालेला असेल.